खडखड नक्की कुठून येते

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून आज कर्णाच्या गाडीतून घरी आलो, आणि चार वर्षं नांदवलेल्या माझ्या गाडीवरून माझं मन उडालं.

कर्णा म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो. ग्राहकाशी बोलताना त्याला फोनची गरज नसावी असा त्याचा आवाज, म्हणून हे नाव. त्याने गाडीतले कंपनीचे स्पीकर काढून नवे बसवले आहेत. त्याने एक साधं गाणं लावलं आणि गाणारी बाई डॅशबोर्डच्या बरोबर मध्यावर येऊन उभी राहिली. तिने श्वास घेतलेला ऐकू आला. मागे वादकाने खुर्ची सरकवली, तीही ऐकू आली. मी तानसेन नसलो तरी कानसेन आहे हे मी कायम सांगत आलो आहे. लिफ्टच्या कंपनीत तक्रार विभागात बावीस वर्षं काढली, दिवसभर लोकांचं ऐकणं हेच माझं काम. अशा माणसाने इतकी वर्षं मडक्यात तोंड घालून गायल्यासारखी गाणी ऐकावीत याची मला लाज वाटली. गाडीचा आवाज सुधारायचा हे ठरवून टाकलं. काम नीट व्हावं म्हणून आजपासून रोजची नोंद ठेवणार आहे.

घरी आल्यावर हिने एक बातमी सांगितली. ही पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. त्यांची नवी शाखा निघते आहे, गाडीने पाच तासांवरच्या गावात, आणि तिथली प्रमुख म्हणून हिची निवड झाली आहे. मुक्काम दोन वर्षं. होकार की नकार ते दहा मार्चपर्यंत लेखी कळवायचं आहे. 'उद्या गाडीत बोलू,' म्हणाली. आमच्याकडे बोलायचं ते गाडीतच. घरात पुढच्या खोलीत आई, मागच्या खोलीत परीक्षेला बसलेली लेक, आणि भिंतींना नुसते कान नाहीत तर तोंडही आहे. सकाळी हिला प्रयोगशाळेत सोडून मी पुढे ऑफिसात जातो. ती पंचवीस मिनिटं काय ती आमची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीत हिने विषय काढला. 'काय करू? जाऊ का?' मी म्हणालो, 'बघू. दहा मार्चपर्यंत वेळ आहे.'

इथे खरं लिहायला हरकत नाही. ती गेलेली मला नको आहे. पण तसं म्हणणं मला शोभणार नाही. बायकांनी पुढे यावं या मताचा मी आहे. बहिणीच्या नवऱ्याला मी यावरून चारचौघांत सुनावलं आहे. तेव्हा 'नको' म्हणता येत नाही, आणि 'जा' म्हणायला जीभ रेटत नाही. 'बघू' हा त्यातला सभ्य मार्ग. आमच्या विभागाचा अनुभव असा, की तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. लिफ्ट काही दुरुस्त होत नाही, पण लोक जिन्याने जायला शिकतात.

कर्णाने त्याच्या कारागिराचा पत्ता दिला. त्याला सगळे उस्ताद म्हणतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा तेच. मी म्हणालो, 'आईचं कोण बघेल?' ही म्हणाली, 'आईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, मला काय धाड भरली आहे.' आईने आयत्या वेळी असा दगा द्यायला नको होता. मी लगेच सिग्नलकडे लक्ष दिलं. सिग्नल हिरवा होता, तरी दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उस्तादांचं दुकान म्हणजे सीट-कव्हरवाल्याच्या मागची अरुंद शेड. एका वेळी एकच गाडी मावते. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा, कानात कापसाचे बोळे. मी विचारलं, आवाजाचं काम करता आणि कानात बोळे? म्हणाले, 'कान हेच अवजार आहे. अवजार कुणी उघड्यावर ठेवतं का?' माणूस मला आवडला.

त्यांनी दाराचं आतलं पॅनेल उतरवलं. आत बघितलं तर नुसता पोकळ पत्रा, आणि कंपनीचा स्पीकर कागदी पेल्याएवढा हलका. चार वर्षं मी याच्यावर विश्वास टाकला. उस्तादांनी पत्र्यावर टिचकी मारली, पत्रा बराच वेळ वाजत राहिला. 'दार आधी मुकं करायला पाहिजे,' ते म्हणाले. 'दार बोलायला लागलं की गाणं ऐकू येत नाही.' मग पत्र्याला आतून काळ्या जाड चिकटपट्ट्यांचे थर दिले. आता दार लावलं की तिजोरी लावल्यासारखं वाटतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवे स्पीकर बसले. मोठे खाली दारात, चिमुकले वर आरशाच्या कोपऱ्यात. सीटखाली अँप्लिफायर. कंपनीच्या वायरी कुठेही कापल्या नाहीत, जोडणीसाठी वेगळा तुकडा वापरला, तेव्हा गॅरंटीला धक्का नाही असं उस्ताद म्हणतात. दुपारभर तिथेच स्टुलावर बसून होतो. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि गाण्याबरोबर एक बारीक शिट्टी यायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते. आगीतून फुफाट्यात. उस्ताद म्हणाले, अर्थिंगचा दोष आहे, आणि सीटखालचा एक स्क्रू काढून जागा घासून पुन्हा बसवला. शिट्टी गेली. अशी माणसं आमच्या कंपनीत असती तर आमच्या विभागाला कामच उरलं नसतं.

घरी सगळ्यांना गाडीत बसवून ऐकवलं. लेक म्हणाली, 'बाबा, छान आहे, पण माझा उद्या पेपर आहे.' आई म्हणाली, 'कानात कुणी काडी घालावी तसं होतंय.' ही उतरून कुकर लावायला गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल प्रोसेसर बसवला. हा एक डबा आहे. गाडीत उजवा स्पीकर कानाजवळ, डावा लांब. म्हणून जवळच्याचा आवाज हा डबा किंचित थोपवून धरतो, म्हणजे सगळे आवाज कानाशी एकाच क्षणी पोचतात आणि गाणारी बाई मध्यावर उभी राहते. उस्तादांनी टेपने माझ्या कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं. मग विचारलं, 'कुठल्या खुर्चीसाठी लावू? एकाच खुर्चीला जमतं. दुसरीला बिघडतं.' मी म्हणालो, अर्थात गाडी चालवणाऱ्याच्या.

आज सकाळी हिने तिसऱ्यांदा विषय काढला, तेवढ्यात मी तिला नवा आवाज ऐकवायला गाणं मोठं केलं. प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय कळत नाही. गाणं संपल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, 'तुमच्या बाजूला काय असेल ते असो. माझ्या बाजूला ती बाई तुमच्या मांडीवर बसून गाते आहे.' हिला तांत्रिक बाजू समजत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घोडं पेंड खायला लागलं. गुरुवारपासून गाडीत कुठेतरी खडखड येते आहे. बारीक, टिणटिणती, दोन सेकंद येते आणि जाते. आधी आली नसेल असं नाही, पण आता बाकी सगळं इतकं स्वच्छ झालं आहे की तीच ऐकू येते. पांढऱ्या सदऱ्यावर एक ठिपका पडला की सदरा दिसत नाही, ठिपका दिसतो.

उस्तादांकडे गेलो. दुकानात तासभर गाणी लावली, खडखड नाही. डावं दार पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. शेवटी म्हणाले, 'ही रस्त्यावरची खडखड आहे, दुकानात येणार नाही. रोज सकाळी फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. नंतर शांतपणे ऐका. कधी येते, त्या वेळी गाडीत काय चाललं होतं, ते तक्त्यात लिहून आणा.' तक्ता म्हटल्यावर मला हुरूप आला. तो माझा प्रांत आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवसांचं रेकॉर्डिंग झालं. फोन पेला ठेवायच्या खोबणीत उभा ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून तक्ता भरला. गाणं कुठे चाललं होतं ते सांगता येत नाही, कारण खडखड ऐकायला मी गाणं बारीक ठेवतो. म्हणून खुणेसाठी हिचं त्या वेळचं वाक्य लिहिलं आहे.

सोमवार, ६ मिनिटं १० सेकंद. गतिरोधक. ही: 'आईंच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला भरून ठेवल्या तर चालेल ना?' मी: 'हो.' खडखड मध्यम.

सोमवार, १४ मिनिटं. ही: 'मी पंधरा दिवसांनी येत जाईन, किंवा तुम्ही या.' मी: 'बरोबर.' खडखड नाही.

मंगळवार, ९ मिनिटं ३० सेकंद. खड्डा. ही: 'सतरा वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली माझे रिपोर्ट गेले.' मी: 'हो, हो.' खडखड स्पष्ट, डावीकडून.

बुधवार, ११ मिनिटं. ही: 'मी काल बँक लुटली.' मी: 'बरोबर. नोंद घेतली.' खडखड मोठी.

शेवटचं वाक्य मला विचित्र वाटलं. हिचा स्वभाव थट्टेचा नाही. झोप पुरी झाली नसावी. माझ्या उत्तरांबद्दल एक खुलासा: 'हो', 'बरोबर', 'नोंद घेतली' ही आमच्या विभागाची शिकवण आहे. ग्राहक बोलत असताना मध्ये मध्ये हे शब्द टाकत राहायचे, ग्राहक तिथेच अर्धा निवतो. नव्या लोकांना मीच शिकवतो. आता ते शब्द माझ्या तोंडून आपले आपण येतात.

खडखड डावीकडची आहे, एवढं नक्की झालं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज खडखड फार नव्हती, आणि ही मात्र कमालीची खुश होती. उतरताना माझ्या हातावर हात ठेवला आणि 'थँक यू' म्हणाली. सकाळी सकाळी, रस्त्यात. अखेर आवाजातला फरक तिच्या कानांना जाणवला असावा. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बहिणीचा फोन. 'दादा, तू खरंच मोठ्या मनाचा आहेस. मी ह्यांना सांगितलं, शिका जरा दादाकडून.' मी म्हणालो, 'अगं त्यात काय, मनात आणलं तर कुणालाही जमेल. फक्त चांगला माणूस गाठायला हवा.' ती जरा थांबली आणि म्हणाली, 'वहिनी खरंच भाग्यवान.' तिच्या नवऱ्याची गाडी माझ्यापेक्षा जुनी आहे, त्याने मनावर घेतलं तर उस्तादांना एक गिऱ्हाईक मिळेल.

संध्याकाळी लेक येऊन गळ्यातच पडली. 'बाबा, मला वाटलं नव्हतं.' परवापर्यंत तिला पेपरापुढे माझे स्पीकर दिसत नव्हते.

आईने मात्र माझ्याकडे चष्म्यावरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, 'तू हो म्हणालास म्हणे. तुझ्यात एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं.' कशाला हो म्हणालो ते विचारायचं राहून गेलं. चहा आला.

३ मार्च, सोमवार

गुरुवार आणि शुक्रवारचं रेकॉर्डिंग आज दुपारी ऐकलं. गुरुवारचा तक्ता असा.

४ मिनिटं २० सेकंद. वळण. ही: 'ऐकताय ना?' मी: 'हो.' खडखड बारीक.

४ मिनिटं ३१ सेकंद. ही: 'मग मी होकार कळवू?' मी: 'हो.' खडखड नाही.

४ मिनिटं ३६ सेकंद. ही: 'नक्की? दोन वर्षांचं आहे.' मी: 'हो, हो. नोंद घेतली.' खडखड नाही.

हे मी तीनदा ऐकलं. पहिल्या दोन वेळा खडखडीसाठी.

कर्णाने विचारलं, 'काय रे, चेहरा का पडला? सापडली का?' मी म्हणालो, सापडली नाही.

४ मार्च, मंगळवार

आधी राग आला. मला न विचारता एवढा निर्णय घेतला, असं मनात आलं. मग तक्ता पुढे होता. दोनदा स्पष्ट विचारलेलं आहे, वेळेसकट, माझ्याच अक्षरात.

अजून मुदत आहे. दहा तारखेच्या आत 'थोडा गोंधळ झाला' असं म्हणता येईल. पण म्हणायचं कुणाला? बहिणीने सासरी सगळ्यांना सांगितलं. हिच्या वडिलांचा फोन आला. आजवर ते माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोललेले नाहीत, आणि आज म्हणाले, 'जावई कसा असावा ते तुम्ही दाखवलंत.' मीही 'नोंद घेतली' म्हणून बसलो. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आहे आणि खाली शिडी नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की हे बुक्के पाठ थोपटल्याचे आहेत.

खरं लिहायचं तर, पाठ थोपटून घ्यायला बरंही वाटतं आहे.

६ मार्च, गुरुवार

उस्तादांना तक्ता दिला. त्यांनी तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाक्यंसुद्धा वाचली असणार, कारण मध्येच चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, 'बाईंना सोडून पुढे ऑफिसात जाता, तेव्हा येते का खडखड?'

मी आठवून बघितलं. येत नाही.

'मग गाडीत नाही ती. बाईंच्या पिशवीत आहे.'

संध्याकाळी हिची पिशवी हलवून बघितली. जेवणाच्या डब्याला झाकणावर चमचा अडकवायची खोबण आहे, ती तुटली आहे. रिकाम्या झाकणात चमचा वाजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोनदा दार उघडलं, प्रोसेसर तीनदा लावून घेतला, आणि चमच्याभोवती हातरुमाल गुंडाळल्यावर काम संपलं. ही म्हणाली, 'मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. दोन आठवडे झाले ती खोबण तुटून.'

८ मार्च, शनिवार

आवाज आता बिनचूक आहे. दार मुकं, शिट्टी नाही, खडखड नाही. एकटाच गाडी घेऊन बाहेर पडलो, आवडतं गाणं लावलं, बाई मध्यावर उभी राहून गायली. अर्ध्यातच बंद केलं. का ते कळलं नाही.

लेकीने कपाटाच्या दारावर दोन वर्षांचं वेळापत्रक चिकटवलं आहे. आईच्या गोळ्या, दूधवाला, गॅस, माझी पाळी, तिची पाळी. माझ्या नावापुढे पोळ्या आहेत. ही खाली बसून आईला गोळ्यांच्या डब्याचे रंग समजावत होती आणि आई मुद्दाम चुकीचे सांगून तिला हसवत होती. सगळं घर कामाला लागलं आहे, आणि ज्याच्या एका शब्दावर हे सगळं चाललं आहे त्याने तो शब्द उच्चारताना चमचा ऐकला होता. याचं मला आज फार वाईट वाटलं. तिला सांगायला हवं. सांगितलं तर ती जाणार नाही, आणि मला तेच तर हवं होतं. पण आता तसं झालं तर मी तिच्याकडे बघू शकेन असं वाटत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१० मार्च, सोमवार

आज गाडी सुरू केली आणि गाण्यांचा सेट बंद केला. हिने त्या बटणाकडे बघितलं. पहिला चौक गेला, दुसरा गेला. दार मुकं झाल्यापासून गाडीत बाहेरचं काही येत नाही. मी म्हणालो, 'सत्तावीस तारखेला तू विचारलंस ते मी ऐकलं नव्हतं. मी खडखड ऐकत होतो. हो आपोआप म्हणालो.'

'माहीत आहे,' ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट सांगितलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

'अहो, माहीत आहे मला. आदल्या दिवशी मी बँक लुटली होती, तेव्हाही तुम्ही बरोबर म्हणालात.' ती समोर रस्त्याकडे बघत होती. 'पहिल्यांदा विचारलं तेव्हा बघू म्हणालात. दुसऱ्यांदा आईंना पुढे केलंत. तिसऱ्यांदा गाणं मोठं केलंत. तुम्ही ऐकत असलात की पळता. म्हटलं, ऐकत नसाल तेव्हा विचारू.'

'आणि सगळ्यांना सांगितलंस.'

'त्याच दिवशी. चार माणसांनी पाठ थोपटली की तुम्हाला मागे फिरता येणार नाही हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं बघते आहे.'

मला राग यायला हवा होता. बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला त्याच्याच शब्दांत गुंडाळून ठेवलं होतं. पण तिने पर्स उघडली आणि पाकीट काढलं. बंद, पत्ता लिहिलेलं. आत होकार होता.

'पाठवलं नाहीस?'

'आठ दिवस घेऊन फिरते आहे. आज शेवटची तारीख. पाठवायला जाते आणि हात होत नाही. चोरून आणल्यासारखं वाटतं.' मग ती माझ्याकडे वळली. 'आता काही वाजत नाहीये. आता विचारते. जाऊ?'

मी गाडी बाजूला घेतली. झेरॉक्सचं एक दुकान होतं, अजून उघडलं नव्हतं. त्याच्यासमोर उभी केली. 'बघू' हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. तो गिळायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. आज रेकॉर्डिंग नव्हतं.

'तू गेलेली मला नको आहे,' मी म्हणालो. 'पहिल्या दिवसापासून नको आहे. आईसाठी नाही, लेकीसाठी नाही. मला स्वतःला. मला एकट्याला घरात सुचणार नाही. मला भीती वाटते.'

तिने पाकीट मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, 'हे महिनाभर पोटात ठेवलंत?'

'बोललो असतो तर शोभलं नसतं.'

'आणि बघू शोभलं?' तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. 'मला वाटलं, मी असले काय, नसले काय, तुम्हाला सारखंच. मला तेवढंच कळत नव्हतं हो. नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं. भांडले असते.'

मी म्हणालो, 'आता भांड.'

'आता नको. उत्तर द्या.'

मी विचार केला. तक्त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, सतरा वर्षं दुसऱ्याच्या सहीचं. त्यावर मी 'हो, हो' म्हणालो होतो आणि पुढे लिहिलं होतं, खडखड स्पष्ट. मी म्हणालो, 'तू गेलीस तर मला वाईट वाटेल. नाही गेलीस तर रोज सकाळी तुला त्याच दारात उतरवताना वाटेल, आणि ते जास्त असेल. तू जा. हे मी ऐकून, कळून, पूर्ण शुद्धीत सांगतो आहे.'

मग ती बोलायला लागली. तिथल्या कामाचं, तिला वाटणाऱ्या धास्तीचं, माझ्यावरच्या रागाचं, कधीकधीचं. दुकान उघडलं, दुकानदाराने दोनदा येऊन गाडी पुढे घ्या म्हणून सांगितलं, आम्ही वीतभर पुढे घेतली. मी मध्ये एकदाही 'हो' म्हणालो नाही. ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

पत्र तिने दुपारी पाठवलं. मी ऑफिसात दोन तास उशिरा पोचलो. कर्णाने कारण विचारलं, त्याला सांगितलं की गाडीचं काम होतं.

एक एप्रिलला तिला पोचवायला मी जाणार आहे. पाच तासांचा रस्ता. एवढा वेळ सलग आम्ही शेवटचं कधी बोललो होतो ते आठवत नाही, त्यामुळे आत्तापासून धास्ती वाटते आहे. आणि तरी वाटतं, ते गाव आणखी दोन तास लांब असतं तर बरं झालं असतं.